रोजच्या वाचनासाठी ई-रीडर घ्यावा की फोन-टॅब्लेटवरच वाचत राहावं?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री दोन-अडीच तास वाचन होतं, सगळं फोनवर नाहीतर टॅब्लेटवर. डोळे चुरचुरतात, झोप उशिरा लागते, आणि मित्र म्हणतो ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठीचं किंडलसारखं यंत्र घे, डोळ्यांचा त्रासच संपेल. हे कितपत खरं, असा तुमचा प्रश्न.

मित्राचं निम्मं बरोबर आहे. तुम्ही मुख्यतः कथा-कादंबऱ्या, चरित्रं, लेखसंग्रह असा सलग मजकूर वाचत असाल तर ई-रीडर जरूर घ्या. पण डोळ्यांवरचं औषध म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. आणि वाचनात पीडीएफ, तक्ते, आकृत्या, जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती यांचाच भरणा असेल, तर त्या वाटेला जाऊच नका. तिथे टॅब्लेटच कामाचा.

मी मुद्रितशोधन करते. दिवसभर मॉनिटरसमोर प्रुफं वाचायची आणि संध्याकाळी पुन्हा स्वतःच्या हौसेचं वाचायचं, असा दिनक्रम. गेली आठ वर्षं हे हौसेचं वाचन ई-रीडरवर चाललंय, आणि टॅब्लेटही रोज लागतोच. त्यामुळे दोन्हींच्या खोडी मला चांगल्या ठाऊक आहेत.

प्रुफं बघायचं एक भिंग माझ्या टेबलावर कायम असतं. एकदा ते टॅब्लेटवरच्या ‘ष्ट’ या जोडाक्षरावर धरलं. अक्षराभोवतीचा पांढरा भाग पांढरा नव्हताच. लाल, हिरव्या, निळ्या बारीक पट्ट्या एकमेकींना खेटून पेटलेल्या होत्या आणि अक्षर म्हणजे त्यांच्यामधली विझलेली जागा. मग तेच पान ई-रीडरवर उघडलं आणि त्यावर भिंग धरलं. इथे अक्षराच्या कडा किंचित खरखरीत, कोळशाने काढल्यासारख्या. आणि भिंग अजून खाली नेलं तर अक्षर दिसेनासंच झालं, कारण माझ्याच हाताची सावली त्यावर पडली होती! टॅब्लेटवर सावली पडण्याचा प्रश्नच नव्हता. दोन यंत्रांमधला खरा फरक मला त्या दिवशी कळला. एकाचा उजेड आतून बाहेर येतो. दुसरं बाहेरचा उजेड घेतं आणि परत पाठवतं, छापील कागदासारखं.

हे होतं कसं, ते थोडक्यात सांगते. फोन-टॅब्लेटचे पडदे एलसीडी किंवा ओएलईडी जातीचे असतात. एलसीडी पडद्यामागे दिवा सतत चालू असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. ओएलईडीमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपकाच स्वतः उजळतो. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा असतो. त्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या लाखो कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण एका द्रवात तरंगत असतात, पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर उलटा. खालून विद्युतदाब दिला की काळे वर येतात किंवा पांढरे. एकदा वर आले की तिथेच राहतात, त्यासाठी पुन्हा वीज लागत नाही. वीज मुख्यतः पान उलटताना खर्च होते, म्हणून एका चार्जवर काही आठवडे निघतात. ही शाई अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून आली, १९९७ मध्ये तिची कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये तिच्यावर चालणारा लिब्रिए नावाचा रीडर आणला आणि २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं.

आता तुम्ही म्हणाल, ई-रीडरलाही लाइट असतो की! असतो. २०१२ पासून बहुतेक कंपन्यांनी तो द्यायला सुरुवात केली. पण तो मागे नसतो. पडद्याच्या कडेला छोटे एलईडी असतात आणि वर बसवलेला पातळ पारदर्शक थर त्यांचा उजेड खाली, पानावर पसरवतो. तिथून परतलेला उजेड आपल्याला दिसतो. पुस्तकावर टेबललॅम्पचा झोत पडावा, तसंच हे. म्हणून त्याला बॅकलाइट न म्हणता फ्रंटलाइट म्हणतात. तुलना वाचताना ही गल्लत फार दिसते, तेवढी सांभाळा.

रोजच्या वाचनात याने काय फरक पडतो? एका रविवारी दुपारी मी खिडकीशी वाचत बसले होते, ई-रीडरचा दिवा बंद ठेवून. ऊन उतरत गेलं तसं पानही मळकट होत गेलं. शेवटी उकार आणि रफार चाचपडायची वेळ आली तेव्हा मान वर केली, तर खोलीत अंधार. उठले, दिवा लावला, पाय मोकळे केले, पाणी प्यायले. टॅब्लेटवर हे माझ्याबाबतीत कधीच होत नाही. आपोआप ब्राइटनेस जुळवून घेण्याची सोय असूनही नाही. खोलीत अंधार होतो, त्या अंधारात एक झगझगीत चौकोन माझ्या तोंडासमोर असतो आणि मला पत्ताच नसतो. डोळे दुखायला लागल्यावरच कळतं.

उन्हात तर ई-रीडरला तोडच नाही. जितकं ऊन, तितकं पान स्वच्छ. फोनचा पडदा मात्र उन्हाशी झगडत ब्राइटनेस वाढवत राहतो, तापतो, आणि तरी त्यात आपलाच चेहरा दिसतो. उलट बाजूही सांगायला हवी. ई-इंकचं पान कागदासारखं पांढरं नसतं, करडंच असतं, वर्तमानपत्राच्या कागदाच्या जवळपास जाणारं. मिणमिणत्या उजेडात, फ्रंटलाइटशिवाय, ते चांगल्या टॅब्लेटपेक्षा वाचायला अवघड जातं. ‘सगळीकडे कागदासारखं’ ही जाहिरात आहे. कागदाला जिथे दिवा लागतो, तिथे यालाही लागतो.

आता डोळ्यांबद्दल. लोकांना वाटतं इथे विज्ञानाने सरळ निकाल दिलाय. तसं नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना ई-इंक आणि एलसीडी दोन्हींवर बराच वेळ वाचायला दिलं, आणि थकव्यात फारसा फरक आढळला नाही. पडदा कुठल्या तंत्राचा, यापेक्षा त्यावरची अक्षरं किती सुस्पष्ट, हे जास्त महत्त्वाचं दिसलं. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र एलसीडीवर वाचणाऱ्यांचे डोळे ई-इंक आणि कागद या दोन्हींपेक्षा जास्त थकलेले आढळले. दोन्ही अभ्यास मोजक्या माणसांवरचे. त्यामुळे ‘सिद्ध झालंय’ असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवू नका.

ज्याबद्दल एकमत आहे ते वेगळंच आहे. टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. एरवी मिनिटाला पंधरा वगैरे वेळा होणारी उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, डोळ्यांवरचा ओलावा सुकतो आणि चुरचुर सुरू होते. हे ई-रीडरवर होतं, छापील पुस्तकावरही होतं. निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात, या भीतीला मात्र आधार नाही. पडद्यांच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही आणि त्यासाठी वेगळे चष्मे वापरायची शिफारस आम्ही करत नाही, हे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, काही विकत घेण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास असाल तर आधी तेच. माझ्या बाबतीत अगदी असंच झालं होतं. दोन वर्षं मी टॅब्लेटला बोल लावत राहिले आणि शेवटी निघाला जवळचा नंबर. तो लागल्यावर टॅब्लेटही सुसह्य झाला.

आहे त्या टॅब्लेटवरही आज रात्रीच दोन गोष्टी करून पाहा. एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडदा कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. आपण केवढ्या झोतात वाचत होतो ते तेव्हा लक्षात येतं. मग अक्षर दोन पायऱ्या मोठं करा. आणि खोलीतला दिवा बंद करून वाचू नका. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवर वीस सेकंद बघायचं, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्लाही आहेच. मी तो प्रकरण संपलं की पाळते, घड्याळाने मला जमत नाही.

झोपेचं प्रकरण थोडं वेगळं आहे. इथे उजेडाचा परिणाम मोजला गेलाय. बॉस्टनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. १२ जणांनी ओळीने पाच संध्याकाळी झोपण्याआधी चार तास उजेडाच्या पडद्यावर पुस्तक वाचलं, आणि आणखी पाच संध्याकाळी छापील पुस्तक. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, आणि झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साधारण दीड तास उशिरा वाढू लागलं. बातम्यांमध्ये तेव्हा ‘ई-रीडरने झोप उडते’ असे मथळे झळकले. प्रत्यक्षात त्या खोल्यांमध्ये होता आयपॅड, तोही पूर्ण ब्राइटनेसवर, मंद उजेडाच्या खोलीत. ई-इंकच्या रीडरवर तो ठपका ठेवणं चूक आहे. तसंच रोज चार तास पूर्ण उजेडात कुणी वाचतं का, हाही प्रश्न आहेच. तरी रात्री वाचणाऱ्याने त्यातून एवढं घ्यावं की तोंडावर पडणारा उजेड जितका कमी, तितकं बरं. ई-रीडरचा दिवा अगदी तळाला नेता येतो, नव्या रीडरमध्ये तो पिवळसरही करता येतो, आणि या बाबतीत तो टॅब्लेटच्या पुढेच आहे.

पण माझी स्वतःची झोप सुधारली ती उजेडामुळे की दुसऱ्याच कशामुळे, असं विचारलंत तर मी दुसरं कारण सांगेन. ई-रीडरवर निरोप येत नाहीत. फोनवर तिसऱ्या पानावर वरून एक पट्टी सरकत येते. मी ती बाजूला सारते, पण मन तिच्या मागे गेलेलं असतं. मग एक उत्तर, त्यातून एक फोटो, आणि पुस्तक राहून जातं. दोन अडीच तासांच्या वाचनातलं नक्की वाचन किती, हे तुम्हीही एकदा प्रामाणिकपणे मोजून बघा. ई-रीडरचा पडदा संथ आहे, त्यावर व्हिडिओ नीट चालत नाही, इंटरनेट कसंबसं उघडतं, आणि मला तर हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. त्याने मला पुस्तकं पूर्ण करायची सवय परत दिली. सातशे-आठशे पानांचा ग्रंथ आडवं पडून, एका हातात धरून वाचता येतो. सहा-सात इंची रीडर साधारण दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो, दहा इंची टॅब्लेट साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा. अर्ध्या तासाने मनगट हा फरक बरोबर सांगतं.

मराठी वाचणाऱ्यांनी पाहायच्या गोष्टी निराळ्या, आणि त्या कुठल्याही इंग्रजी तुलनेत मिळत नाहीत. आपल्या लिपीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. म्हणजे एकाच ओळीत तीन मजले. इंग्रजी ज्या आकारात सहज वाचता येतं त्याच आकारात ‘कर्तृत्व’ किंवा ‘उद्ध्वस्त’ हा काळा ठिपका होऊन बसतो. म्हणून पडद्याची घनता इंचाला ३०० ठिपके असेल असाच रीडर घ्या. जुन्या स्वस्त रीडरांमध्ये ती १६७ होती. त्यावर मी काही महिने वाचलंय, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गफलत व्हायची. दुकानात बघायला मिळाला तर मराठी पुस्तकाचंच पान उघडायला सांगा आणि त्यात ‘ऱ्या’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ शोधा. ‘ऱ्या’मधला अर्धा र सुटून वेगळा पडलेला दिसला किंवा अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर तो रीडर तिथेच ठेवा. फुटलेली जोडाक्षरं रोज वाचायची शिक्षा कुणी स्वतःला करून घेऊ नये. शिवाय ओळी दोन्ही कडांना जुळवलेल्या असतील तर मराठीतल्या लांब शब्दांमुळे मध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. सेटिंगमध्ये फक्त डावी कड जुळवायची सोय असेल तर ती लगेच करा, वाचन एकदम सुधारतं.

पीडीएफबद्दल सुरुवातीलाच सावध केलं होतं, त्याचं कारण निव्वळ गणिताचं आहे. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद, सहा इंची रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर. पान त्यात बसवलं की १२ पॉइंटचा मजकूर जेमतेम ५ पॉइंटचा उरतो. कुणाला वाचता येईल? मोठं करून सरकवत वाचायचं म्हटलं तर ई-इंकचा पडदा प्रत्येक हालचालीला चाचपडतो, मागच्या पानाची पुसट छाया मागे ठेवतो. कोरीडर नावाचा एक मुक्त प्रोग्राम काही रीडरांवर टाकता येतो. तो समास कापतो, मजकूर नव्याने मांडतो, आणि त्याने बरंच निभावतं. पण जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनवर तोही हात टेकतो. आणि युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, येण्याआधीच्या फाँटमधली फाइल ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या नेहमीच्या फाइल प्रकारात, बदलायला गेलात तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा हाती येतो. असलं सगळं मी टॅब्लेटवर वाचते, आडवा धरून, अर्धं अर्धं पान.

रंगीत ई-इंकचा मोह सध्या बऱ्याच जणांना होतोय. कॅलिडो ३ जातीच्या पडद्यात काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची, पण रंग १५० चेच, आणि रंगांच्या गाळणीमुळे मूळ पान आणखी काळवंडतं. मुखपृष्ठं छान दिसतात. पण नुसता मजकूर वाचणाऱ्याने साधा काळा-पांढराच घ्यावा.

एक इशारा द्यायलाच हवा. माझा पहिला रीडर पिशवीत किल्ल्यांच्या जुडग्याखाली दाबला गेला. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. चालू केला तर वरचं पाऊण पान आदल्या रात्रीच्याच मजकुरावर थिजलेलं आणि खाली उभ्या रेघा. आतली काच तडकली होती. आणि ही शाई विजेविना चित्र धरून ठेवते ना, म्हणून ते अर्धवट वाक्य शेवटपर्यंत पडद्यावर राहिलं. मला फार वाईट वाटलं होतं. दुरुस्ती केंद्रात सांगितलं की पडदा वॉरंटीत येत नाही आणि बदलण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. त्यामुळे पुढून झाकणारं कडक कव्हर पहिल्या दिवसापासून घाला.

पुस्तकं कुठून घेणार तेही आधी ठरवा, कारण रीडरबरोबर तुम्ही त्याचं दुकानही निवडता. कोबो आणि इतर बरेच रीडर ईपब थेट उघडतात. किंडलवर ईपब पाठवायची सोय २०२२ पासून आहे, पण किंडलच्या दुकानातून घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे हवी असलेली मराठी पुस्तकं कोणत्या दुकानात आहेत, ते आधी शोधा आणि मग यंत्राकडे वळा. उलट क्रमाने केलं की पस्तावा ठरलेला.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही रात्री, बहुधा अंथरुणात वाचता. तसं असेल तर सहा ते सात इंची, ३०० ठिपक्यांचा, उजेड पिवळसर करता येणारा रीडर पुरेसा आहे. बाजूला पान उलटायची बटणं असतील तर उत्तमच, एका कुशीवर पडून वाचताना अंगठा पडद्यावर न्यावा लागत नाही. शक्य असेल तर आधी कुणाचा तरी आठवडाभर मागून आणा आणि सध्या अर्ध्यात असलेलं पुस्तक त्यावर पुढे वाचा. तुमच्या वाचनात पीडीएफचं प्रमाण किती आहे ते कळवलंत, तर पडद्याच्या आकाराबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.